मिनिट्स लिहिता लिहिता शिकलेलं रिपोर्टेड स्पीच

रिपोर्टेड स्पीच म्हणजे दुसऱ्याचं बोलणं इंग्रजीत आपल्या वाक्यातून सांगणं. शाळेत आम्ही त्याला ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हणायचो. बार्शी तालुक्यातल्या मराठी शाळेत माझी एबीसीडी पाचवीत सुरू झाली. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 सालापासून, म्हणजे माझ्या पाठच्या भावाच्या वाट्याला. त्यामुळे आठवी-नववीत व्याकरण आलं तेव्हा भाषा कानावरून फारशी गेलेलीच नव्हती. सरांनी फळ्यावर तक्ता काढून दिला, तो आम्ही पाढ्यांसारखा पाठ केला. ‘नाऊ’चं ‘देन’, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘धिस’चं ‘दॅट’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘अगो’चं ‘बिफोर’, ‘सेड टू’चं ‘टोल्ड’. सर्वनामांसाठी ‘एसओएन’: फर्स्ट पर्सन सब्जेक्टप्रमाणे, सेकंड पर्सन ऑब्जेक्टप्रमाणे, थर्डला नो चेंज.

बारावीपर्यंत या तक्त्याने साथ दिली. सर मनापासून शिकवायचे, आणि तक्ता चुकीचा नव्हता. आजही गोंधळ उडाला की तोच डोळ्यांसमोर येतो. पण हे सगळं बदलायचं कशासाठी, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही आणि पेपरातही ते कधी आलं नाही.

ते कळलं पुण्यात नोकरीला लागल्यावर. बी.कॉम. झाल्यानंतर मी भोसरीतल्या एका कंपनीच्या सेक्रेटरियल विभागात रुजू झाले. कंपनी सेक्रेटरी मॅडमच्या हाताखाली रजिस्टरं ठेवायची, नोटिसा आणि अजेंडे काढायचे, आणि संचालक मंडळाची बैठक झाली की तिच्या मिनिट्सचा कच्चा मसुदा करायचा. मिनिट्स म्हणजे बैठकीचं इतिवृत्त. कंपन्यांसाठी ते कसं लिहायचं याचे नियम ठरलेले आहेत. इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडियाचं सेक्रेटरियल स्टँडर्ड, म्हणजे बैठकांबद्दलची नियमावली, 1 जुलै 2015 पासून लागू झालं, आणि 2013 च्या कंपनी कायद्याने ते पाळणं बंधनकारक आहे. मसुदा 15 दिवसांत संचालकांकडे गेला पाहिजे, त्यांनी 7 दिवसांत काही म्हणायचं असेल ते म्हणायचं, आणि 30 दिवसांच्या आत मिनिट्स बुकात नोंद झाली पाहिजे. भाषेबद्दल त्यात एक ओळ आहे: मिनिट्स तृतीयपुरुषात आणि भूतकाळात लिहावीत, ठराव मात्र वर्तमानकाळात. त्या ओळीत शाळेतलं अख्खं डायरेक्ट-इनडायरेक्ट मावलेलं आहे, हे वाचताक्षणीच लक्षात आलं.

मॅडमनी मला लगेच बैठकीत बसवलं नाही. आधी विभागातले जुने मसुदे काढून दिले, लाल पेनाच्या दुरुस्त्यांसकट. म्हणाल्या, “नुसत्या दुरुस्त्या वाचू नकोस. प्रत्येक ठिकाणी का केली ते मला सांग.” मी जेवणाच्या सुट्टीत आणि घरी जाताना बसमध्ये ते कागद वाचायचे. बऱ्याच दुरुस्त्या तक्त्यातल्याच निघाल्या. एका दुरुस्तीपाशी मात्र मी अडले. मसुद्यात दोन वाक्यं होती: ‘द चेअरमन सेड दॅट द ऑर्डर पोझिशन वॉज गुड. द न्यू प्लांट विल स्टार्ट इन ऑक्टोबर.’ दुसऱ्या वाक्यातल्या ‘विल’ला लाल गोल करून वर ‘वुड’ लिहिलं होतं. मला हे पटेना. दुसऱ्या वाक्यात ‘सेड दॅट’ नाहीच, मग ते इनडायरेक्ट कसं? साधं सरळ वाक्य आहे, त्यातलं ‘विल’ का बदलायचं?

मी विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, “मला एक सांग, ऑक्टोबरचा शब्द कोण देतंय?”

“चेअरमन सर.”

“हे तुला माहीत आहे, कारण तू पहिलं वाक्य वाचलंस. कागद काय म्हणतो? ‘विल’ ठेवलं तर कागद स्वतः बोलतो. उद्या प्लांट मार्चला सुरू झाला, तर आपल्या मिनिट्स बुकात कंपनीने लिहून दिलेलं असेल की ऑक्टोबरला सुरू होणार. ‘वुड’ केलंस की ते चेअरमनचं बोलणं राहतं. ते त्या दिवशी तसं बोलले, एवढंच आपण नोंदवलं.”

इतकी वर्षं काळ मागे ढकलायचा तो नियम आहे म्हणून, असंच मी धरून चालले होते. आता दिसलं की मागे सरकवलेला काळ ही खूण आहे: हे शब्द लिहिणाऱ्याचे नाहीत, दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. ‘सेड दॅट’ एकदा येतं आणि मागे राहतं, पुढची पाच वाक्यं तो काळच सांभाळतो.

मराठीत हे काम कोण करतं, ते मला वर्तमानपत्रांनी दाखवलं. ऑफिसात एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर यायचा. एखाद्या मंत्र्याचं भाषण दोन्हींत छापून आलं की मी दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले. मराठी बातमीत जवळपास प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी खुंटी मारलेली असते: ‘असे ते म्हणाले’, ‘असेही त्यांनी सांगितले’, ‘असे त्यांनी स्पष्ट केले’. ती काढली, तर ‘रस्त्याचे काम डिसेंबरपर्यंत पूर्ण होईल’ हे वाक्य वार्ताहराचं होऊन बसतं. कारण मराठीत काळ बदलत नाही. ‘होईल’चं ‘होईल’च राहतं. इंग्रजी बातमीत बऱ्याचदा मंत्र्याचं नाव आणि ‘सेड’ एकदा येतं, आणि मग नुसती वाक्यं: काम अमुक वेळेत पूर्ण ‘वुड बी’, निधी मंजूर ‘हॅड बीन’, अडथळे ‘वेअर’ किरकोळ. ‘सेड’ परत नसलं तरी वाचणाऱ्याला कळतं की अजून मंत्रीच बोलतायत. आणि मध्येच एखादं वाक्य साध्या वर्तमानकाळात आलं, तर ते वार्ताहराने स्वतःच्या माहितीतून घातलेलं असतं. सगळे वार्ताहर हे कसोशीने पाळतात असं नाही. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत ‘सेड’नंतर ‘विल’ सर्रास दिसतं. पण जो पाळतो त्याच्या बातमीत कोण काय बोललं याचा धागा कुठेच सुटत नाही.

यामुळे माझी शिकण्याची पद्धतच बदलली. आधी मी इंग्रजी वाक्य घेऊन त्यावर तक्ता चालवायचे. आता मराठी वाक्यापासून सुरुवात केली, कारण बैठकीत अर्धं बोलणं मराठीतच व्हायचं आणि मिनिट्स इंग्रजीत व्हायची. आपण मराठीत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून आणतो. ‘वहिनी म्हणाल्या की मी उद्या बघते’, यातलं ‘मी’ वहिनींचं, ‘उद्या’ वहिनींचं, ‘बघते’ही त्यांचंच. ‘की’च्या पुढे आपण नसतोच, तिथे वहिनी उभ्या असतात. ऐकणाऱ्यालाही ते बरोबर कळतं. इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढेही सांगणाराच बोलत असतो. म्हणून ‘मी’ची ‘शी’ होते, ‘बघते’चं ‘वुड सी’ होतं, आणि सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून आणि वेळेवरून मोजलं जातं. ‘दॅट’ म्हणजे ‘की’ असं शाळेत आपण धरलेलं असतं, पण दोघांच्या पुढची जमीन वेगळी आहे. हे एकदा मनात बसल्यावर ‘एसओएन’ आठवावंच लागलं नाही. लिहितंय कोण, कधी आणि कुठून, एवढं स्वतःला विचारलं की सर्वनामं आपोआप जागेवर यायची.

मग तक्त्यातली ‘टुमारो’ची ओळही उलगडली. एकदा मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, ‘ही सेड दे आर कमिंग टुमारो.’ ना ‘वेअर’, ना ‘द नेक्स्ट डे’. आणि मॅडमचं इंग्रजी चुकेल ही शक्यता नव्हती. बोलणं त्याच दिवसाचं होतं, येणारी माणसं अजून यायची होती. सांगणाऱ्याचा ‘उद्या’ आणि बोलणाऱ्याचा ‘उद्या’ एकच असेल, तर बदलायचं काय? गोष्ट अजून खरी असेल तर काळही मागे नेला पाहिजे असं नाही. नेला तरी चालतं. आपल्याला शाळेत ‘युनिव्हर्सल ट्रुथ’चा अपवाद शिकवतात, सूर्य पूर्वेला उगवतो वगैरे. तो अपवाद याच मोठ्या गोष्टीचा छोटा तुकडा आहे. आणि याच्या उलट, ‘शी सेड हर नेम वॉज’ अमुक, यातल्या ‘वॉज’मुळे तिचं नाव आता बदललंय असा अर्थ होत नाही. तो ‘वॉज’ फक्त बोलणं तेव्हाचं आहे एवढंच दाखवतो. मिनिट्समध्ये तर आम्ही ‘टुमारो’ही लिहीत नाही आणि ‘द नेक्स्ट डे’ही नाही, सरळ तारीख घालतो. बुक दहा वर्षांनी उघडणाऱ्या ऑडिटरला तारीखच उपयोगाची.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रश्नांवर. मराठीत ‘त्यांनी विचारलं की माल कुठे अडकलाय’ म्हणताना प्रश्न अख्खा तसाच राहतो आणि वर ‘की’ही येतो. त्याच वळणाने ‘आस्क्ड दॅट व्हेअर इज द मटेरियल’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी सहज येतं, अगदी चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही. तिथे ‘दॅट’ नको, आणि ‘इज’ची जागाही बदलायला हवी, कारण आता तो प्रश्न राहिला नाही, प्रश्नाबद्दलची माहिती झाली. नियम पाठ असून बोलताना जीभ ऐकत नव्हती. मला उपाय सापडला तो असा: आधी ‘आय डोन्ट नो’ लावून वाक्य म्हणायचं. ‘आय डोन्ट नो व्हेअर द मटेरियल इज.’ हे वाक्य आपल्या तोंडी बरोबर बसतं, ‘डोन्ट नो’नंतर कुणी ‘दॅट’ घालत नाही. मग पुढचा भाग हातात धरून मागचं बदलायचं: ‘ही आस्क्ड व्हेअर द मटेरियल वॉज.’ हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर ‘आय डोन्ट नो इफ’ किंवा ‘व्हेदर’. ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यात आपसूक गळून पडतात. बसमध्ये खिडकीशी बसून मी हे पुटपुटायचे, रस्त्यावर जे दिसेल त्यावर प्रश्न करून. आजही कुणी विचारलं तर मी हीच युक्ती पहिली सांगते.

आज्ञा आणि विनंत्या मात्र चटकन आल्या. तिथे आपली मराठीच मदतीला येते. ‘आईने दूध आणायला सांगितलं’ म्हणताना आपण आईचं वाक्य उचलत नाही, ते आपल्या वाक्यात विरघळवतो. ‘टोल्ड मी टू ब्रिंग मिल्क’ची चाल अगदी हीच. नकार आला तर ‘नॉट टू’, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

क्रियापदांनी मात्र मला पुरतं गुंतवून ठेवलं, आणि मला वाटतं या विषयातला खरा कस तिथेच आहे. पाठ्यपुस्तकात ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’, ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ एवढ्यावर भागतं. बैठकीत माणसं सुचवतात, हरकत घेतात, खुलासा करतात, आठवण करून देतात, ग्वाही देतात, आणि प्रत्येकाला इंग्रजीत स्वतःचं क्रियापद आहे. त्या प्रत्येकाची मागणी वेगळी. ‘इन्फॉर्म्ड’ला आणि ‘अशुअर्ड’ला पुढे माणूस लागतो: ‘इन्फॉर्म्ड द बोर्ड दॅट’. ‘एक्स्प्लेन्ड’ला माणूस थेट चालत नाही, मध्ये ‘टू’ हवा. ‘सजेस्टेड मी टू’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय की कानाला खटकतही नाही, पण ते बरोबर नाही. ‘सजेस्टेड दॅट’ म्हणायचं, किंवा पुढे ‘आयएनजी’चं रूप. ‘डिनाइड’नंतरही ‘आयएनजी’, ‘रिफ्यूज्ड’नंतर ‘टू’. मी एका वहीत क्रियापद लिहून त्यासमोर मॅडमच्या जुन्या मिनिट्समधलं एक खरं वाक्य उतरवत गेले. नुसत्या क्रियापदाच्या यादीपेक्षा ते वाक्य लक्षात राहायचं, कारण त्यात बोलणारा माणूस असायचा.

आणि क्रियापद निवडणं म्हणजे नुसतं व्याकरण नाही. वित्त विभागाचे प्रमुख म्हणाले होते, वसुली या तिमाहीत कमी झाली. याला ‘स्टेटेड’ म्हणता येतं, ‘अॅडमिटेड’ म्हणता येतं आणि ‘क्लेम्ड’ही म्हणता येतं. मॅडम म्हणाल्या, “अॅडमिटेड लिहिलंस तर ते काहीतरी लपवत होते आणि आपण पकडलं, असा वास येतो. क्लेम्ड लिहिलंस तर आपला त्यांच्यावर विश्वास नाही. ते बिचारे फक्त आकडा सांगत होते.” शेवटी ‘इन्फॉर्म्ड’ झालं. मराठीतही ‘सांगितलं’, ‘कबूल केलं’ आणि ‘दावा केला’ यांत हेच अंतर आहे. बोललेला माणूस मसुदा लिहिताना समोर नसतो, त्याचा सूर आपल्या एका शब्दावर अवलंबून असतो. ही जबाबदारी मला फार मोलाची वाटते.

सर्वनामांचंही तसंच. मराठीत ‘मी’ जसाच्या तसा ठेवल्यामुळे कोण कुणाबद्दल बोलतंय ते कळतं. इंग्रजीत दोन पुरुष एकमेकांशी बोलले की सगळेच ‘ही’ होतात. ‘द सीएफओ टोल्ड द चेअरमन दॅट ही हॅड नॉट रिसीव्ह्ड द रिपोर्ट’, यात अहवाल कुणाला मिळाला नाही, सीएफओंना (म्हणजे वित्तप्रमुखांना) की चेअरमनना? तक्त्याप्रमाणे वाक्य पूर्ण बरोबर, आणि तरीही निरुपयोगी. तिथे लाज न बाळगता पदनाम पुन्हा लिहायचं. शाळेत पुनरुक्ती टाळा म्हणतात. मिनिट्समध्ये ती करावीच लागते.

‘हॅड’चं प्रमाण हाताला यायला वेळ लागला. प्रत्येक भूतकाळाचा पास्ट परफेक्ट करत गेलं तर पानभर ‘हॅड’ साचतात. साल किंवा तारीख वाक्यातच असेल, तर साधा भूतकाळ तसाच ठेवला तरी क्रम कळतो, तो ठेवावा. ‘मस्ट’मध्येही असाच भेद आहे. भाग पडणं असेल तर ‘हॅड टू’ होतं, पण ‘ट्रक मस्ट बी ऑन द वे’ असा अंदाज असेल तर ‘मस्ट’ तसाच राहतो. तिथे ‘हॅड टू’ घातलं की अर्थच पालटतो.

ठरावांचा वर्तमानकाळ मला बरेच दिवस कोड्यात टाकत होता. पानभर सगळं भूतकाळात, आणि मध्येच ‘रिझॉल्व्ह्ड दॅट’ येऊन ‘बी अँड इज हिअरबाय अप्रूव्ह्ड’. नंतर बँकेत खातं उघडण्याच्या ठरावाची प्रमाणित प्रत काढायची वेळ आली. बँकेला मिनिट्स लागत नाहीत, फक्त ठराव लागतो, आणि तो त्या कागदावर एकटा उभा राहतो. तो कुणी काय म्हटलं याची हकिगत नाही. मंडळ त्यातून थेट बोलतं, म्हणून त्याचा काळ सरकत नाही. आजूबाजूच्या रिपोर्टेड स्पीचच्या पानावर तेवढं एक डायरेक्ट स्पीच असतं, अवतरणचिन्हांशिवाय.

माझी मावसबहीण यंदा बारावीला आहे. तिच्या हातात तोच तक्ता आहे आणि ती फोनवर विचारत होती की एवढं सगळं खरं असेल, तर परीक्षेत ‘टुमारो’चं काय करायचं. मी तिला म्हटलं, परीक्षेत सगळं बदल. पेपरातलं वाक्य कोण, कुठे, कधी सांगतंय हे दिलेलंच नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी, दुसराच माणूस सांगतोय असं धरायचं. तक्ता बरोब्बर त्याच परिस्थितीसाठी बनवलेला आहे. हे तिला पटलं. आता ती घरात कुणी बोललेली वाक्यं इंग्रजीत करून मला पाठवते. कालचं वाक्य आजीचं होतं: ‘अगं, तो मुंबईला गेला म्हणे.’ यात बोलणारा कोण तेच नाही, ‘सेड’ कुणाला लावायचं, असं तिने विचारलं होतं. मी दोन वाक्यं लिहून पाठवली, ‘ही इज सेड टू हॅव गॉन टू मुंबई’ आणि ‘अपॅरंटली, ही हॅज गॉन टू मुंबई’, आणि खाली लिहिलं की पेपरात पहिलं लिही, पण आजीच्या तोंडचं दुसरंच.